संस्कृतचे प्राध्यापक आणि लाल चेंडू

गेल्या महिन्यांत इंदापूरच्या आमच्या एका जुन्या स्नेह्यांनीं आपल्या नातवाचें अमेरिकेहून आलेलें पत्र आम्हांस वाचून दाखविलें. त्याच्या विद्यापीठांत बेसबॉल हा खेळ शिकविणारे एक गृहस्थ आहेत. तरुणपणीं ते स्वतः चेंडू टाकण्यांत निष्णात होते. आतां तेंच काम विद्यार्थ्यांस शिकवितात, आणि विद्यापीठ त्यांस त्याचें वेतन देतें. पत्र संपल्यावर स्नेही चष्मा काढून म्हणाले, "अहो मास्तर, कॉलेजांत चेंडू फेंकावयास शिकवून प्रपंच चालतो म्हणजे काय!"

या आश्चर्यांत आपल्या घराघरांतील एक समजूत दडलेली आहे. विद्या आणि खेळ या दोन सवती होत, एकीस ओसरीवर घेतली कीं दुसरी माघारीं जाते, असें आपण धरून चालतों. आम्हीं स्नेह्यांस इतकेंच विचारलें, "प्राध्यापक देवधरांची आठवण आहे ना?"

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत ते संस्कृतचे प्राध्यापक होते. म्हणजे पगारी खेळगुरू ते नव्हेत. पगार संस्कृताचा, आणि क्रिकेट त्यावरचें. १९११ पासून १९४८ पर्यंत ते वरच्या दर्जाचे सामने खेळत राहिले. डिसेंबर १९२६ मध्यें गिलिगन यांचा इंग्रज संघ हिंदुस्थानांत आला असतां मुंबईस अखिल भारतीय संघाकडून देवधरांनीं १४८ धांवा काढल्या. परक्या संघापुढें आपले लोक ताठ उभे राहूं शकतात हें ज्या थोड्या खेळ्यांनीं त्या वर्षीं दाखविलें, त्यांत ही एक होय. मात्र भारताचा पहिला कसोटी सामना झाला तो जून १९३२ मध्यें, लॉर्ड्सच्या मैदानावर. तेव्हां देवधर चाळिशीस पोंचले होते. कसोटी सामना त्यांच्या वांट्यास कधींच आला नाहीं.

दुसरा एखादा एवढ्यावर बॅट खुंटीस टांगून मोकळा झाला असता. देवधरांचें खरें वैभव चाळिशीनंतरचें आहे. त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० सालीं पुण्यास संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला व रणजी करंडक मिळविला. पुढच्याच वर्षीं मद्रासेस जाऊन तेथील संघास हरविलें आणि करंडक घरींच ठेविला. त्यानंतर ऐंशी वर्षें लोटलीं तरी महाराष्ट्रास तो मान पुन्हा लाभला नाहीं. त्या दुसऱ्या वर्षीं पुण्यास मुंबईशीं झालेला सामना तर जाणत्यांनीं कथेसारखा सांगावा असा. मुंबईच्या धांवा ६५०, महाराष्ट्राच्या ६७५; अवघ्या २५ धांवांच्या आघाडीवर निकाल लागला. त्या ६७५ पैकीं २४६ धांवा एकट्या देवधरांच्या होत्या. वय वर्षें अठ्ठेचाळीस! आपल्याकडे या वयाचा गृहस्थ मुलीच्या लग्नाच्या याद्या करूं लागतो आणि जिना चढतांना कठड्यास हात लावतो. पुढें १९४४ सालीं, बावन्नाव्या वर्षीं, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनीं शतकें काढलीं.

त्यांच्या संघांतील तरुणांत विजय हजारे होते. १९३९-४० सालींच पुण्यास बडोद्याविरुद्ध त्यांनीं नाबाद ३१६ धांवा केल्या. सांगलीच्या या मुलास शिकविण्यास क्लॅरी ग्रिमेट नांवाचा ऑस्ट्रेलियन गोलंदाज आला होता. कसोटी सामन्यांत दोनशें बळी घेणारा जगांतील पहिला गोलंदाज तो हाच. हजारे बॅट दोन्ही पायांच्या मध्यें धरून उभे राहत. पुस्तकी दृष्टीनें हें वावगें. ग्रिमेटनें तें पाहिलें आणि त्यास हात लावला नाहीं. आम्हीं उभा जन्म मुलांचीं शब्दरूपें सुधारण्यांत घालविला. एखाद्या विद्यार्थ्याचें काय सुधारूं नये हें कळण्यास किती वर्षें लागतात तें आम्हांस ठाऊक आहे.

देवधरांच्या घराविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि आमच्या भगिनीवर्गानें ती विशेष लक्षांत घ्यावी. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या तिघी कन्या १९४० नंतरच्या दशकांत बॅडमिंटनमध्यें देशांत अग्रस्थानीं होत्या. संस्कृतच्या प्राध्यापकाच्या घरांतील मुलींनीं पदर खोंचून मैदानांत उतरावें, हें त्या काळच्या पुण्यांत सर्वांसच रुचलें असेल असें नाहीं. प्राध्यापकमजकुरांनीं जें स्वतःस हितकर मानलें तें मुलींसही मोकळें ठेविलें.

हें सारें आतां सांगण्याचें कारण आमच्या बारामतींतच घडलें. आमच्या शेजारीं चार भावांचें एकत्र कुटुंब आहे. थोरल्यांचा मुलगा यंदा दहावीस असून गोलंदाजी वेगानें करतो. फेब्रुवारी २०२० मध्यें येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर क्रीडांगणावर महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांचा रणजी सामना झाला, तो पाहण्यास धाकट्या काकांनीं त्यास नेलें होतें. तेव्हांपासून हें वेड. आतां वडिलांचा हुकूम सुटला कीं मैदान बंद. आजी मुलाच्या बाजूच्या, काका गप्प, आई स्वयंपाकघराच्या दारांत. मध्यस्थीस आम्हांस बोलाविलें.

आम्हीं थोरल्यांस सांगितलें कीं, तुमची चिंता खोटी नाहीं. खेळावर पोट भरणारे हजारांत एक, आणि तो आपलाच असेल असें मानणें वेडेपणाचें. पण देवधरांनींही पोट खेळावर भरलें नाहीं. मुलास मैदानावरून ओढून काढलेत तर ते दोन तास तो ग्रंथास देईल याची हमी कोणीं दिली? खिशांतलें तें चपटें यंत्र ते तास केव्हांच गिळून टाकील.

मात्र एका बाबतींत आम्हीं मुलासही धारेवर धरलें. रविवारीं तो दिवसभर चेंडू टाकतो, कोणी मोजीत नाहीं. वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्यास अति माऱ्यानें चीर पडूं शकते. मग महिनोन्महिने विश्रांती. अमेरिकेंत लहान मुलांच्या बेसबॉलमध्यें २००७ पासून एका दिवसांत किती चेंडू टाकावयाचे याची मर्यादा वयाप्रमाणें ठरविली आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलास ८५, पुढें सोळापर्यंत ९५. बेसबॉलची फेंक आणि आपली गोलंदाजी एक नव्हे. तेथें कोंपर वांकवून झटका देतात, आपल्याकडे तसें करणें नियमबाह्य. त्यांचा आंकडा जसाच्या तसा आपल्यास लागूं पडणार नाहीं, मोजण्याची शिस्त तरी घ्यावी. म्हणून वही घालावयास सांगितली: एका बाजूस टाकलेले चेंडू, दुसऱ्या बाजूस अभ्यासाचे तास. कंबर दुखल्यास त्याच दिवशीं सांगावयाचें, लपवावयाचें नाहीं.

उठतां उठतां आम्हीं विचारलें, त्या घरांतील आठवींतल्या मुलीचें काय? ती भावापुढें बॅट घेऊन उभी राहते, त्याच्या वेगास भीत नाहीं. तिचा खेळ बंद करावा कीं नाहीं यासाठीं बैठक भरलीच नव्हती. दहावी आली कीं तो आपोआप बंद होणार असें सर्वांनीं धरलेलें. प्रश्न ऐकून कोणी बोललें नाहीं. शेवटीं आजीच म्हणाल्या, "तिलाही एक वही आणा."

थोरल्यांनीं अद्याप होकार दिलेला नाहीं. गेल्या रविवारीं मात्र त्यांनीं मुलाची वही मागवून घेतली व चेंडूंची बेरीज स्वतः तपासली. सहांची चूक निघाली. ती त्यांनीं तांबड्या शाईनें दुरुस्त केली, आणि खालीं तारीख घालून सही केली.