तलावाचा काठ आणि अम्मीची खुर्ची

गेल्या हिवाळ्यात अम्मी म्हणाली, "पानी देखने का मन है." खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं जग म्हणजे मोमिनपुऱ्यातलं घर, डॉक्टरचा दवाखाना आणि एखादं जवळचं लग्न. म्हटलं चला. व्हीलचेअर रिक्षात कोंबली आणि नागपुरातल्याच एका तलावावर गेलो. नाव घेत नाही, कारण हा अनुभव एकाच ठिकाणचा नाही.

दाराशीच लोखंडी खांब. मोटरसायकली आत घुसू नयेत म्हणून लावलेले. जिथून मोटरसायकल जात नाही तिथून व्हीलचेअरही जात नाही, हे लावणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. दोन कॉलेजची पोरं धावत आली, अम्मीला खुर्चीसकट उचलून पलीकडे ठेवलं. अल्लाह त्यांचं भलं करो. पण अम्मी ओशाळली. चारचौघांत असं उचललं जाणं कुणाला आवडतं? पुढे गट्टू उखडलेले, दर दहा पावलांवर चाक अडकायचं. आणि काठाला छातीपर्यंत येणारी भरीव भिंत. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर असतात. अम्मीनं थोडा वेळ भिंत पाहिली आणि विचारलं, "पानी किदर है बाबू?"

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पाणी आपली पातळी स्वतः राखतं. त्यामुळे तलावाच्या कडेची वाट ही कुठल्याही शहरातली सर्वांत सपाट वाट होऊ शकते. चढ नाही, उतार नाही. म्हातारी माणसं, गरोदर बाया, बाळाची गाडी ढकलणारे, काठी घेऊन चालणारे अंध, सगळ्यांना झेपेल अशी. तिथे पायऱ्या, खांब आणि भिंती आपण आणून घातल्या.

खर्चाचं कारण तर मला पटतच नाही. उताराचं गणित साधं आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार पुरतो. खांबांमध्ये एक जागा रुंद ठेवायची आणि मोटरसायकलवाल्यांसाठी तिथे सकाळ-संध्याकाळ माणूस उभा करायचा. भिंतीच्या काही भागात जाळी बसवायची. थोड्या थोड्या अंतरावर पाठ टेकता येईल असा बाक. दारावर एक पाटी: फेरी किती मीटरची, वाट कशी आहे, शौचालय कुठे आहे. गुडघे दुखणारा माणूस ती वाचून ठरवेल, अर्धी फेरी मारायची की पूर्ण.

कायदाही आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, नियम जून 2017 चे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला पाच वर्षांची मुदत होती, ती 2022 मध्ये संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतूरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सुगम्यतेचे किमान निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. नागपुरात पारडी परिसरात दिव्यांगांसाठी 'अनुभूती' समावेशक उद्यानाची घोषणा मार्च 2023 मध्ये झाली, 90 हजार चौरस फुटांचं. ते जरूर व्हावं. पण पारडी शहराच्या पूर्व टोकाला. अम्मीला वेगळी बाग नकोय, तिला सगळे जातात त्याच तलावावर जायचंय.

तिचा तलाव म्हणजे जुम्मा तलाव. पाट्यांवर गांधीसागर, बोलण्यात शुक्रवारी. देवगडच्या गोंड राजघराण्यातला बख्त बुलंद शाह याने 1702 मध्ये हे शहर वसवलं, चांद सुलतानने त्याला तट बांधला आणि हा तलाव करवला. आपल्या लोकांना हा इतिहास सांगायला फार आवडतं. मलाही आवडतं. पण त्या काठावर आज कोण फिरू शकतं आणि कोण नाही, हे आम्ही कधी विचारलं? मोर्चे निघाले, निवेदनं दिली, त्यात हा विषय मी तरी पाहिलेला नाही.

दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपल्या दाराशीही बघावं लागतं. रस्त्यातली इजा देणारी वस्तू दूर करणं हा ईमानचा भाग आहे, हे मदरशात शिकलेल्या कुठल्याही पोराला विचारा. आणि जुम्याला दुपारी मशिदीबाहेर बघा. गाड्या फुटपाथवर, चपला पायऱ्यांवर, पलीकडे ठेल्यांची रांग. कितीतरी मशिदींत वजूच्या जागेपर्यंत जायला चार-पाच पायऱ्या. माझ्या ओळखीतले एक बुजुर्ग पाय गेल्यापासून घरातच नमाज पढतात. त्यांच्या मशिदीत संगमरवर नवीन बसला, उतार मात्र झाला नाही. कमिटीत हा मुद्दा मी काढला तेव्हा एकजण म्हणाले, "व्हीलचेअरवाले येतातच किती?"

तलावावरही मला हेच उत्तर मिळालं होतं. येता येत नाही म्हणून दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून सोय होत नाही.

अम्मीला परवा विचारलं, पुन्हा जायचं का? म्हणाली, "रहने दे, लोगों को उठाना पड़ता है."