पोरासाठी नोकरी मागण्याआधी शिक्षण मागा



गाळप बंद झाले की कारखान्याच्या ऑफिसात उसाच्या बिलाखालोखाल ज्या कामासाठी माणसे येतात, ते म्हणजे नोकरी. "पोरगं बारावी झालंय, कुठंतरी चिकटवा." "धाकटा आयटीआय करून घरीच बसलाय, बघा की काहीतरी." ही मागणी गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. वाटण्या होऊन जमीन दोन-दोन एकरांवर आली. त्यात दोन भावांचे संसार भागत नाहीत. ज्या कारखान्याचे आपण मालक, त्याच्याकडे मागायचे नाही तर कुणाकडे? पण मागायचे काय, याचा विचार आता वेगळ्या तऱ्हेने व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूर्वी खलाशी म्हणून लागलेला गडी हळूहळू ऑइलमन व्हायचा. फिटरच्या हाताखाली पाने देता देता फिटर व्हायचा. पॅनवर दहा-बारा हंगाम काढले की पॅनमन. काचेवर थेंब घेऊन दाणा किती धरला हे नुसत्या नजरेने सांगणारे उस्ताद या धंद्यात आजही आहेत, आणि त्यांच्याच जिवावर कारखाने उभे राहिले. त्यांचा मान मोठा आहे. परंतु ती शाळा संथ होती, आणि त्या वेळची यंत्रेही संथ होती. जुने बॉयलर २१ किलो दाबाच्या आसपास चालत. सहवीजनिर्मितीचे आजचे बॉयलर ६७, ८७, अगदी ११० किलो दाबाचे असतात, आणि वाफेचे तापमान ५०० अंशांच्या घरात जाते. गव्हाणीचा वेग, मिलवरचे पाणी, रसाचा सामू, पॅनमधला व्हॅक्यूम हे सारे कंट्रोल रूममधल्या पडद्यावर येते. तिथे बसवलेल्या पोराला आकडा लाल झाला म्हणजे काय बिघडले आणि आधी काय बंद करायचे हेच ठाऊक नसेल, तर "बघून बघून शिकेल" म्हणायला सवड राहत नाही.

आता यात सभासदाचा संबंध काय, ते हिशेबाने पाहू. दिवसाला अडीच हजार टन गाळणारा कारखाना तासाला शंभर टनांवर ऊस खातो. एखादे बेअरिंग वेळेवर तेल न मिळाल्याने जळाले आणि मिल सहा तास उभी राहिली, तर सहाशे टनांवर ऊस गाड्यांत वाळत पडतो. वजन आपले घटते आणि साखरही आपलीच उतरते. दुसरा हिशेब याहून कडू आहे. मिलवर पाणी कमी पडले तर बगॅसमध्ये साखर जाते. चुन्याचा डोस चुकला किंवा पॅनचा दाणा बिघडला, तर ती मोलॅसिसमध्ये जाते. यात मिल थांबत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. पाच लाख टन गाळपात उतारा नुसता ०.१ टक्क्याने घसरला, तरी पाच हजार क्विंटल साखर हातची गेली. एफआरपी उताऱ्यावरच बांधलेली आहे. तेव्हा न शिकलेल्या हातांची फी भरतो तो ऊस उत्पादकच, फक्त ती पावतीवर दिसत नाही.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट जिवाची. चोकअप काढताना स्विचला कुलूप न लावता कॅरिअरमध्ये हात घालणे, वायूची तपासणी न करता टाकीत उतरणे, अशा चुका करणारा पुष्कळदा नवखाच असतो. त्याला कुणी सांगितलेलेच नसते. चिठ्ठीवर चिकटवलेले पोर असे गमावले, तर चिठ्ठी देणाऱ्याने त्याच्या आईला काय सांगायचे?

बॉयलर अटेंडंटला परीक्षा देऊन दाखला घ्यावाच लागतो. १९२३ च्या बॉयलर कायद्यापासून चालत आलेला हा दंडक २०२५ च्या नव्या कायद्यातही कायम आहे. बॉयलरला जो न्याय, तो मिलला, पॅनला, सेंट्रिफ्युगलला का नको? वाटही नवी काढायची नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे आज बंधनकारक आहे. २०१६ च्या केंद्रीय योजनेपासून विद्यावेतनाचा काही भार सरकारही उचलते. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तर १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनीच उभी केली. दुखणे वेगळेच आहे. पुष्कळ ठिकाणी शिकाऊ उमेदवार कागदावर शिकतो आणि प्रत्यक्षात चहा आणतो, नाहीतर वर्षभर एकाच व्हॉल्व्हशी उभा राहतो. हे शिक्षण नव्हे, स्वस्तातली मजुरी आहे.

आमची सूचना साधी आहे. ओव्हरहॉलिंगसारखी शाळा पैसे देऊन मिळणार नाही. त्या महिन्यांत रोलर, बेअरिंग, पंप, टर्बाइन सारे उघडे पडलेले असते. दरवर्षी तेव्हाच एक तुकडी घ्यावी. यंत्र उघडताना पोराने पाहावे, बसवताना हात लावावा, आणि पुढचा हंगाम जुन्या उस्तादाशेजारी तिन्ही पाळ्यांत काढावा. रोज एक तास वर्गात बसून नकाशा वाचणे, मोजमाप आणि सुरक्षितता शिकावी. शिकवणाऱ्या उस्तादाला वेगळा भत्ता द्यावा, कारण त्याची विद्या त्याच्याबरोबर निवृत्त झाली तर नुकसान आपले. शेवटी परीक्षा घ्यावी, तीही बाहेरच्या परीक्षकाकडून. जागा निघेल तेव्हा त्या यादीतूनच क्रमाने भरावी, मग पोरगा संचालकाचा असो की दोन एकरवाल्याचा. तुकडीत मुलींना जागा हवी, प्रयोगशाळा आणि कंट्रोल रूममध्ये त्या कुठेही कमी पडणार नाहीत. आणि ज्यांच्या कोयत्यावर आपला हंगाम चालतो, त्या तोडणी कामगारांच्या मुलांसाठीही काही जागा राखाव्यात.

काही जण म्हणतील, "आपण शिकवायचं आन् पोरगं चाकणला पळायचं!" पळू दे की. तिथल्या कंपनीत ताठ मानेने पगार घेणारा पोरगा गावातल्याच घरी पैसे पाठवील. सगळ्यांना पुरतील इतक्या जागा कारखान्यात कधीच निघणार नाहीत. नोकरी एकालाच मिळते. विद्या मात्र वीस जणांना देता येते, आणि ती कुणाला काढून घेता येत नाही.

वार्षिक सभेत आपण उसाच्या दरावर बोलतो, आणि बोललेच पाहिजे. या खेपेला एक प्रश्न आणखी विचारा: "साहेब, या ओव्हरहॉलिंगला किती पोरं शिकली, आणि त्यांना शिकवलं कुणी?" उत्तर आकड्यात मागा. चिठ्ठ्या मागणारे शंभर जण हा प्रश्न एका आवाजात विचारतील, तर संचालक मंडळाला तो टाळता येणार नाही.