फाइलीचे नाव मराठीतच असावे

‘फाइलीचे नाव रोमन लिपीतच द्या, मराठी नाव यंत्राला पचत नाही,’ असा उपदेश अलीकडे मुलांच्या कानी वारंवार पडतो. आम्हांस तो मान्य नाही.

विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही कार्यप्रणाली आज देवनागरी नाव स्वीकारतात. अडते ते लिपीपाशी नव्हे, विरामचिन्हांपाशी. ‘दुःख’ हा शब्द टंकताना पुष्कळ जण विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाची दोन टिंबे ठोकून देतात. कागदावर हा आळस खपून जातो, लिनक्सवरही खपतो. पण तीच फाइल विंडोजच्या संगणकावर नेली की अडते, कारण तेथे ते चिन्ह ड्राइव्हच्या अक्षरापुढे लावण्यासाठी राखून ठेवलेले आहे. प्रश्नचिन्ह, तारका व दुहेरी अवतरणचिन्ह यांनाही तेथे मज्जाव आहे. दिनांकातील तिरपी रेघ तर लिनक्सलाही चालत नाही. ती फोल्डरांची वेस होय. तात्पर्य, यंत्र नाकारते तो आपला विसर्ग नव्हेच. तो विसर्गाचा वेष घेतलेला तोतया आहे!

‘दुसऱ्या’मधील ‘ऱ’ची कथा अधिक मौजेची. युनिकोडमध्ये हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मॅकची १९९८ मधील फाइलव्यवस्था अखंड ‘ऱ’ स्वतःहून फोडून ठेवी. लिनक्स सामान्यतः प्रत्येक बाइट जसाच्या तसा पाहतो. त्यामुळे तेथे एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी नांदताना दिसू शकतात.

एका बाबतीत मात्र देवनागरीवर खरोखर अन्याय होतो. लिनक्सवर नावाची मर्यादा बहुधा २५५ बाइटांची असते. रोमन अक्षरास एक बाइट पुरतो, देवनागरी चिन्हास तीन लागतात, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे आपल्या वाट्यास ८५ चिन्हे. निबंधाचे नाव आटोपशीर ठेवावे, इतकेच.

आणि रोमन लिपी तरी निर्धोक कोठे आहे? तिच्यातील थोरल्या-धाकट्या अक्षरांचा भेद लिनक्स पाळतो, विंडोज सहसा पाळत नाही. लिनक्सवरच्या दोन निराळ्या फाइली विंडोजवर एकमेकींवर चढून बसतात. आपल्या लिपीत हा तंटाच नाही.

आम्ही घरी कोंकणी बोलतो व शाळेत मराठी शिकवतो. दोन्ही भाषा याच लिपीत लिहितो. आपली लिपी निबंधापुरती बरी, वर नाव मात्र परक्या अक्षरांत, हे मुलांच्या मनावर लहानपणीच बिंबवावे काय? त्यापेक्षा त्यांना खऱ्या विसर्गाची कळ दाखवावी. इनस्क्रिप्ट कळफलकावर ती संयोगचिन्हाच्या कळीवर आहे; शिफ्ट दाबून धरावी लागते.