रिकामी कुंडी

रिकामी कुंडी दिसली की काही माणसांचे हात शिवशिवतात. या माणसांविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी आज रीतसर, दोन प्रतींत, दाखल करीत आहे.

तक्रारीचा विषय भुईचाफा. हा नावाचाच चाफा. जातीने हळद-आल्याचा भाऊबंद. हिंदुस्थानापासून आग्नेय आशियापर्यंतच्या रानांत, मोठ्या झाडांच्या सावलीत राहणारा. १७५३ साली लिनियसने त्याला केम्फर नावाच्या जर्मन डॉक्टराचं नाव चिकटवलं. भुईचाफ्याने तेही सोसलं. मुळात गरीब स्वभाव!

थंडीत याची पानं वाळून जातात आणि कंद मातीत गुडुप झोपतो. मग चैत्राच्या सुमारास, पानाचा पत्ता नसताना, कोरड्या मातीतून थेट फूल वर येतं. पांढऱ्या पाकळ्या, मधे जांभळा रंग आणि वास असा, की जिन्यात माणूस थबकावा. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण मागून दुसरं हजर. पानं येतात ती सगळा समारंभ आटोपल्यावर.

आता आमची सुशोभन समिती. तिने जानेवारीत ‘मेलेल्या कुंड्या’ अशी नोंद करून माझे कंद कचऱ्यात टाकले आणि पिटुनिया लावला. पिटुनियाने मेमध्ये मान टाकली. त्या जागी प्लॅस्टिकची फुलं आली. ती मात्र बारमाही फुलतात आणि समितीही.

‘चार दिवसांच्या फुलासाठी वर्षभर कुंडी अडवायची?’ असं चिटणीस विचारतात. अहो, दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झाला नाही, तर आम्ही बँकेत बचत खात्याला ‘निष्क्रिय’ म्हणतो. म्हणून ते पैसे काही मॅनेजर घरी नेत नाही. उलट त्यावर व्याज चालू राहतं. एवढी अक्कल आम्हा कारकुनांना आहे, ती बागप्रेमींना का नसावी?

दुसरा आक्षेप : ‘आमच्याकडे ऊन येत नाही.’ नसू दे! दोन इमारतींच्या बोळात गुलाब लावायचा आणि रडत बसायचं, हा कुठला शहाणपणा? सावली ही शहरात फुकट मिळणारी बहुधा शेवटची वस्तू आणि ती नेमकी भुईचाफ्याला हवी. सकाळचं कोवळं ऊन, पाणी न तुंबणारी माती, पालापाचोळ्याचं खत, बस्स. थंडीत मात्र पाणी बंद. नाहीतर कंद कुजतो. आणि कंद रानातून उपटून आणू नका. शेजाऱ्याकडे मागा. फुटवे भरपूर येतात, शिवाय बोलणं सुरू होतं, हा वरचा नफा.

खरं भांडण फुलाचं नाहीच. जे दिसत नाही ते मेलं, आणि जे गप्प बसलंय ते निकामी, असं ठरवण्याची आपल्याला फार घाई झाली आहे. आज कुंडी, उद्या अंगणातली मोकळी माती फरशीखाली, परवा निवृत्त झालेला माणूस. मीही पन्नाशीकडे निघालोय, म्हणून वेळीच बोलतो.

तूर्त समितीला एकच विनंती : कंदाला हात लावण्यापूर्वी चैत्रापर्यंत थांबा. खातं चालू आहे. पासबुक तेव्हा भरून मिळेल.