गणित सोडू नका, सरकारी विद्यापीठ गाठा

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत तीच चर्चा सुरू होते. मार्क बरे असले तर एम.पी.सी., नाही तर सी.ई.सी.; आणि एम.पी.सी. घेतले तर पुढे इंजिनिअरिंगच. गणित हा विषय म्हणून शिकावा, सरकारी विद्यापीठात जाऊन एम.एस्सी. करावी, ही गोष्ट आदिलाबाद, जैनथ, बेला, किंवा आता निर्मल जिल्ह्यात गेलेल्या भैंसा-मुधोळकडच्या आपल्या कुटुंबांत क्वचितच बोलली जाते. शेत गहाण ठेवून खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी भरणारा बाप भेटतो. त्याच्या काही अंशाइतक्याच फीमध्ये सरकारी विद्यापीठात गणित शिकता येते, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

आपली मुले गणितात मागे का, याचे कारण हुशारी नव्हे. अडचण भाषेची आहे. मराठी माध्यमातला मुलगा शाळेत लसावि काढतो. शिकवणीला गेला की त्याचेच तेलुगूत क.सा.गु. होते आणि इंटरला एल.सी.एम. होते. गणित एकच, नावे तीन! पहिल्या दोन-तीन महिन्यांत मुलाला फळ्यावरचे उदाहरण कळते, पण सरांचे वाक्य कळत नाही. तो घरी येऊन सांगतो, ‘मला गणित जमत नाही.’ आपण ते खरे मानतो आणि ग्रुप बदलून टाकतो.

आपल्या आजोबा-पणजोबांचा काळ आठवावा. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. तिथे गणितासह सगळे विषय उर्दूत होते, पुस्तकांच्या भाषांतरासाठी वेगळे खातेच काढलेले होते. घरी मराठी बोलणारी मुले शाळेत उर्दूत हिशेब शिकली. त्याच उस्मानियात शिकलेले रझीउद्दीन सिद्दीकी पुढे जर्मनीत लाइप्झिगला हायझेनबर्ग यांच्याकडे डॉक्टरेट करून आले आणि उस्मानियातच गणित शिकवू लागले. उर्दूच्या त्या सक्तीचे कौतुक करण्याचे आपल्याला काही कारण नाही. तिने मराठीचे काय केले ते जुनी मंडळी जाणतात. पण भाषा परकी म्हणून गणित सुटले, असे तेव्हाही झाले नाही.

१९५६ साली भाषावार राज्ये झाली. आपल्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. त्याच वर्षी राज्यघटनेत ३५०-क हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असे ठरले. पण ते कलम प्राथमिक शिक्षणापुरते आहे. दहावीची परीक्षा मराठीतून देता येते, त्यापुढचा रस्ता आपला आपल्याला शोधावा लागतो.

विद्यापीठात गणित शिकणे म्हणजे काय, याचीही आपल्याकडे फारशी कल्पना नाही. इंटरपर्यंत उत्तर काढायचे असते. विद्यापीठात उत्तर तेच का येते, दुसरे का येऊ शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. त्यामुळे पहिले वर्ष हुशार मुलालाही जड जाते. एकेका प्रमेयावर तीन-तीन दिवस बसावे लागते. गाइड पाठ करून पास होता येते, नाही असे नाही. पण त्यात गणित येत नाही.

या बसण्यातून काय निघते, त्याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. नागपूरच्या सरकारी विज्ञान महाविद्यालयात शिकलेले शरदचंद्र श्रीखंडे. दहा पलटणींतले, दहा हुद्द्यांचे शंभर अधिकारी चौकोनात असे उभे करायचे की आडव्या किंवा उभ्या कोणत्याही रांगेत तीच पलटण वा तोच हुद्दा पुन्हा येऊ नये आणि पलटण-हुद्द्याची प्रत्येक जोडी एकदाच यावी. ऑयलर या थोर गणित्याने १७८२ साली अंदाज बांधला की ६, १०, १४ अशा संख्यांना हे जमणारच नाही. १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी सहाच्या पुढे सगळीकडे ते जमते हे दाखवून दिले, आणि ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले.

आता व्यवहाराचे. आदिलाबादची डिग्री कॉलेजे वरंगलच्या काकतीय विद्यापीठाशी जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९७६ चे. तेलंगणातल्या राज्य विद्यापीठांत एम.एस्सी.साठी सी.पी.जी.ई.टी. ही एकच प्रवेश परीक्षा आहे. हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ १९७४ चे, त्याची प्रवेशाची रीत वेगळी. पलीकडे नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. रेल्वेने किनवट, मुदखेडवरून नांदेड जवळ, नातेवाईकही तिथे. म्हणून अनेक जण मुलाला अकरावीलाच नांदेडला ठेवतात.

इथे पालकांनी थांबून विचार करावा. ३७१-घ कलमाखालच्या १९७४ च्या आदेशापासून आपल्याकडे राज्याच्या शिक्षणसंस्थांत ८५ टक्के जागा स्थानिकांसाठी आहेत, आणि स्थानिक ठरण्यासाठी पात्रता परीक्षेपर्यंतची सलग चार वर्षे इथे शिकलेली दाखवावी लागतात. डिग्रीच्या प्रवेशासाठी ही चार वर्षे नववी ते बारावीची धरतात. मूल मध्येच पलीकडे गेले की इथे स्थानिकपणा धोक्यात येतो, आणि तिकडे अधिवासाचा दाखला मागितला की तोही हातात नसतो. केंद्रीय विद्यापीठात हा स्थानिकाचा नियम नाही, एवढाच दिलासा. नियमांचे बारकावे अलीकडे बदलत आहेत, तेव्हा अर्जाच्या वर्षीचा नियम स्वतः वाचावा. एजंटाच्या तोंडावर विसंबू नये.

डिग्रीला असलेल्या मुलांनी एम.टी.टी.एस. हे नाव लक्षात ठेवावे. प्रा. कुमरेसन यांनी १९९३ साली सुरू केलेले हे गणिताचे उन्हाळी शिबिर आहे. निवड झाली की राहण्या-जेवणाचा खर्च लागत नाही, आणि पाठांतर सोडून विचार करायला शिकवतात.

यात आपल्या समाजाचा स्वार्थही आहे, तो लपवायचे कारण नाही. शिक्षक भरतीत मराठी माध्यमाची पदे वेगळी असतात. गणित आणि मराठी दोन्ही जाणणारा, बी.एड. झालेला उमेदवार आपल्यातून निघाला नाही, तर गणिताचा तास रिकामा जाईल. मग शाळेचा पट घटेल, आणि पट घटला म्हणून शाळा बंद करण्याचा कागद निघेल. मराठी शाळा वाचवा म्हणून कलेक्टर कचेरीवर जाणारे आपण, त्या शाळेला गणिताचा शिक्षक कुठून येणार याचा विचार करत नाही.

म्हणून मंडळाने शासनाकडे दोन गोष्टी लावून धराव्यात: मराठी माध्यमाच्या प्रत्येक हायस्कुलात गणिताचे पद भरलेले असावे, आणि दहावीच्या मराठी गणित पुस्तकासोबत मराठी-तेलुगू-इंग्रजी संज्ञांची यादी मुलांना मिळावी. शासन देईल तेव्हा देईल. तोवर दहावीची परीक्षा आणि इंटरचे वर्ग यांमधल्या सुट्टीत एक महिन्याचा वर्ग आपणच चालवू शकतो. त्याला एक खोली, एक फळा आणि तिन्ही भाषांत गणित सांगणारी दोन माणसे पुरतात. ज्यांच्या घरात गणित घेऊन पदवीधर झालेले कोणी असेल, निवृत्त शिक्षक असले तरी चालतील, त्यांनी आपले नाव मंडळाच्या कार्यालयात कळवावे.