स्ट्रेचर उचलणारे हात आणि नगराध्यक्षाची खुर्ची



आमचा एक मित्र एका तालुक्याच्या गावात दवाखान्यात कामाला आहे. वॉर्डबॉय म्हणून लागला, ड्रेसर झाला, आता कित्येक वर्षं अँब्युलन्सवर आहे. नोकरी ठेकेदाराची. गावातल्या कुठल्या गल्लीत गाडी शिरत नाही, कुठल्या वस्तीतून पेशंट खाटेवर घालून आणावा लागतो, हे त्याला पाठ आहे. सेप्टिक टँकमधून आपल्या माणसांची प्रेतं यानंच वर काढलीत. या माणसानं आता नोकरी सोडून नगराध्यक्षपदाला उभं राहायचं ठरवलंय.

गाव हसलं. "स्ट्रेचर उचलणारा नगरपालिका काय उचलणार?" हसणारे नुसते वाड्यातले असते तर मी शाई वाया घालवली नसती. पण हसणाऱ्यांत आपलेही होते. बी.ए. झालेले, इस्त्रीचे कपडे घालणारे. एक म्हणाला, "आपला उमेदवार निदान वकील तरी पाहिजे." म्हणजे आपल्याही डोक्यात उतरंड शिल्लक आहेच. फक्त जातीच्या जागी डिग्री आली. या मित्रांना मला एक हकिगत सांगायचीय.

१९६६ सालापर्यंत अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात माणूस रस्त्यात कोसळला तर पोलिसांची गाडी यायची. आरोपींना कोंबून नेतात तीच. दोन पोलीस पेशंटला मागं टाकायचे आणि दोघंही पुढं बसून गाडी हाणायचे. मागं माणूस एकटा. अमेरिकेत बऱ्याच गावांत तर अंत्यविधीचा धंदा करणाऱ्यांच्याच गाड्या अँब्युलन्स म्हणून फिरायच्या. जगला तर दवाखाना, मेला तर गिऱ्हाईक. हिल डिस्ट्रिक्ट ही पिट्सबर्गमधली काळ्यांची वस्ती. तिथं पोलिसांना बोलावणं म्हणजे आजारापेक्षा औषध भयंकर.

नोव्हेंबर १९६६ मध्ये डेव्हिड लॉरेन्स प्रचारसभेत कोसळला. हा त्या शहराचा जुना मेयर, राज्याचा माजी गव्हर्नर. दवाखान्यात पोचेपर्यंत मेंदूला प्राणवायू कमी पडला. काही दिवसांनी तो मेला. वस्तीत माणसं रोज अशीच मरत होती, पण बोंब झाली ती गव्हर्नर मेल्यावर. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. पीटर साफर हे तोंडानं श्वास देऊन आणि छाती दाबून माणूस परत आणण्याची पद्धत घडवणाऱ्यांपैकी एक. त्यांचं म्हणणं साधं होतं. दवाखाना गाडीतूनच सुरू झाला पाहिजे, आणि गाडीतला माणूस शिकलेला पाहिजे.

हा माणूस आणायचा कुठून? हिल डिस्ट्रिक्टमध्ये फ्रीडम हाऊस नावाची संस्था होती. काळ्या बेकारांना काम मिळवून द्यायची. तिथली पोरं घेतली. कुणी व्हिएतनामच्या लढाईतून परतलेला, कुणी शाळा अर्धवट सोडलेला. शहरानं ज्यांना कामाला नालायक ठरवलं होतं, तेच. सुमारे ३०० तासांचं शिक्षण दिलं. शरीररचना, श्वास, हृदय, बाळंतपण, सगळं. १९६८ मध्ये गाड्या रस्त्यावर आल्या. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला, वस्ती पेटली, तेव्हाही ही पोरं गाड्या घेऊन फिरत होती. पहिल्या वर्षात पाच हजारांवर हाका आल्या. डॉक्टरांच्या हिशेबानं २०० जीव वाचले. त्या काळात अमेरिकेत एवढी तयारीची अँब्युलन्स क्वचितच कुठं होती.

जॉन मून हा त्यातलाच. दवाखान्यात ऑर्डरली होता. एक दिवस फ्रीडम हाऊसचे दोन काळे जवान पेशंट घेऊन आत आले आणि त्यानं बघितलं, गोरे डॉक्टर त्यांचं ऐकून घेताहेत. त्यानं ठरवलं, मला हेच व्हायचंय. झाला. १९७० च्या दशकाच्या मध्याला डॉ. नॅन्सी कॅरोलाइन तिथं वैद्यकीय प्रमुख झाल्या. या पोरांबरोबर त्या स्वतः गाडीत बसायच्या. त्या अनुभवातून त्यांनी पॅरामेडिकांसाठी जे पाठ्यपुस्तक लिहिलं, त्यावर पुढं देशभरातली माणसं शिकली. बेकारांच्या वस्तीनं देशाला धंदा शिकवला!

आणि मग काय झालं? आता इथं नीट वाचा. १९७० पासून पिट्सबर्गचा मेयर होता पीटर फ्लॅहर्टी. त्यानं पैसे अडवले. गोऱ्या वस्त्यांत ही गाडी फिरायची तर शहराची परवानगी लागणार, ती मिळेना. शेवटी १९७५ च्या ऑक्टोबरात फ्रीडम हाऊस बंद. त्याच्या जागी शहराची स्वतःची अँब्युलन्स. नव्या खात्यात जुन्यांना घेतलं खरं, पण वरच्या जागांवर गोरे. ज्यांनी हे काम उभं केलं त्यांच्यावर नव्या परीक्षा लादल्या. एकेक करून बहुतेक बाहेर पडले. मून चिकटून राहिला. उपप्रमुखाच्या जागेपर्यंत चढला आणि २००९ मध्ये निवृत्त झाला.

जीव वाचवायची कला वस्तीच्या हातात होती, गाडीची किल्ली मेयरच्या खिशात. म्हणून मी म्हणतो, स्ट्रेचर उचलणाऱ्यानं खुर्चीकडं बघितलं तर हसू नका. न बघण्याची किंमत पिट्सबर्गनं मोजलीय. फ्रीडम हाऊसमधलाच मिचेल ब्राऊन पुढं ओहायोतल्या कोलंबस शहराचा सुरक्षा संचालक झाला आणि नंतर तिथल्या कौन्सिलवर बसला. त्याला कुणी विचारलं नसेल, तू वकील आहेस का म्हणून.

आपण पँथर हे नाव १९७२ मध्ये मुंबईत घेतलं, ते ज्यांच्याकडून घेतलं त्यांचीही गोष्ट ऐका. ब्लॅक पँथर म्हटलं की आपल्याला बंदूक आणि काळी टोपी तेवढी आठवते. पण विन्स्टन-सेलम या गावात पँथरांनी १९७० च्या दशकात लोकांची फुकट अँब्युलन्स चालवली. पैसे नाहीत म्हणून काळ्या पेशंटला गाडी मिळत नव्हती. पँथर प्रथमोपचाराचं शिक्षण घेऊन स्वतःच गाडीवर बसले. या शाखेचा पुढारी लॅरी लिटल १९७७ मध्ये तिथल्या नगरपालिकेत निवडून आला. आधी गाडी, मग खुर्ची. हा क्रम लक्षात ठेवा.

मिसिसिपीत मेयर्सव्हिल नावाचं पाचशे वस्तीचंही नसलेलं गाव. युनिटा ब्लॅकवेल कापसाच्या शेतात राबलेली बाई. मतदार यादीत नाव घालायला गेली म्हणून तिचा छळ झाला, काम गेलं. तीच १९७६ मध्ये त्या गावाची मेयर झाली. तिनं पाण्याची लाइन आणली, गटार आणलं, रस्ते पक्के केले. खुर्ची छोटी होती, पण बसणारीला नळ नसलेलं घर माहीत होतं.

आता घरचं. नुसत्या खुर्चीवर भुलू नका, कारण आपल्याकडं महाड आहे. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणिसांसारखा माणूस पाठीशी होता. ठराव झाला, शिक्का बसला, आणि तीन वर्षं आपल्या कुणाच्या ओंजळीत पाण्याचा थेंब आला नाही. पाणी आलं २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर चालत गेले तेव्हा. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला! कोर्टाचा शेवटचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. खुर्ची ठराव करते आणि खुर्चीच तो गिळते. मधे माणसं उभी नसतील तर कागद आणि पाणी यांची भेट होत नाही.

१९९३ पासून घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं आपल्याला नगरपालिकेत राखीव जागा आहेत. किती तरी नगराध्यक्ष आपले झाले. त्यातल्या कितींनी सही आपल्या डोक्यानं केली? पॅनेल दुसऱ्याचं, पैसा दुसऱ्याचा, टेंडर दुसऱ्याचं, अंगठा तेवढा आपला. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये पुन्हा झाला, आणि माणसं गटारात मरतच आहेत. त्या गावांच्या खुर्च्यांवर कधीमधी आपलाच भाऊ बसलेला होता, हे बोलायला जड जातं, पण बोललं पाहिजे.

म्हणून मित्रा, तू उभा राहा. पण कुणाच्या पॅनेलात पाहुणा म्हणून नको. प्रचाराला निघशील तेव्हा तोंडपाठ असलेल्या त्या गल्ल्या कागदावर उतरव. कुठं गाडी शिरत नाही, कुठं नळ नाही, कुठल्या टँकमध्ये कोण मेलं. तोच तुझा जाहीरनामा. निवडून आलास तर पहिल्या सभेत तो कागद टेबलावर ठेव. माणसाला टँकमध्ये उतरवणारं कुठलंही बिल तुझ्या सहीनं निघता कामा नये. आणि आपण बाकीचे? मतदान झालं की घरी जाऊन झोपणारे नको. वस्तीच्या कमिटीनं दर महिन्याला त्याला जाब विचारायचा. तो चुकला तर पहिली हाळी आपली, वाड्यातल्यांची नव्हे.

पडलास तर? पडलास तर त्या गावात पहिल्यांदा कुणीतरी स्ट्रेचरवरून गाव मोजलं एवढं तरी होईल. आणि दुसऱ्या दिवशी आपण मिळून एक जुनी गाडी घेऊ, पँथरांसारखी.

अर्ज भरायच्या दिवशी आम्ही येतोय. इस्त्रीचे कपडे घालणाऱ्यांनीही यावं. तुझ्यामागं चालायला डिग्री लागत नाही.

जय भीम!