पाऱ्याचा सेल आणि दादांचा कॅमेरा

ज्या वाचकांच्या कपाटांत वडिलांच्या हातचा फिल्मचा कॅमेरा धूळ खात पडला असेल, त्यांच्यासाठीं ह्या महिन्यांत आम्ही आमच्या घरची एक हकीकत सांगणार आहों. तींत आमची फजिती आहे. परंतु दुसऱ्याची फजिती टळत असेल तर ती सांगण्यास मास्तरानें लाजूं नये.

आमचे थोरले बंधु कै. दादा ह्यांनीं १९७२ सालीं परदेशाहून परततांना मिनोल्टा एसआरटी १०१ हा कॅमेरा आणला होता. घरांतील मुंजी, लग्नें, बारशीं सारीं त्यांनींच टिपलीं. त्यांच्या पश्चात् पुतण्यानें तो आमच्या स्वाधीन केला व म्हणाला, “काका, पुढल्या महिन्यांत वाडा पाडणार. त्याचे शेवटचे फोटो तुम्ही ह्यानेंच काढा.” ही गोष्ट पांच वर्षांपूर्वींची.

कॅमेऱ्याचें यंत्र ठीक होतें. प्रकाशमापक मात्र मृतवत् होता. त्याला लागणारा ६२५ क्रमांकाचा पाऱ्याचा सेल केव्हांच संपला होता. एका दुकानदारानें त्याच आकाराचा अल्कलाइन सेल दिला आणि “मास्तर, तोच आहे हा,” अशी ग्वाही दिली. सुई हलली, आम्ही संतुष्ट झालों. ओसरी, माजघर, देवघर अशीं छत्तीस चित्रें घेतलीं. फिल्म धुऊन आली तेव्हां अंगणांतील चित्रें कशींबशीं पाहण्याजोगीं होतीं. माजघर आणि देवघर काळोखांत बुडालीं होतीं. आईचें जातें जेथें असे तेथें नुसता काळा डाग. तोंवर वाडा पडला होता. पुन्हा चित्र घ्यावयाचें तें कशाचें?

दोष कोठें होता तें मागाहून उमगलें. ह्या प्रकाशमापकांत कॅडमियम सल्फाइडचा घटक असतो. प्रकाश वाढला कीं त्याचा विरोध कमी होतो व सुईकडे अधिक वीज जाते. म्हणजे सुई प्रकाशाप्रमाणें हलते तशी सेलच्या दाबाप्रमाणेंही हलते. कारखान्यानें सारी आंखणी १.३५ व्होल्ट दाब धरून केलेली. पाऱ्याचा सेल हा दाब जवळजवळ अखेरच्या दिवसापर्यंत स्थिर राखीत असे. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टांपासून आरंभ करतो आणि वापराबरोबर उतरत जातो. नवा असतांना सुई वास्तवाहून अधिक प्रकाश दाखविते. आपण तिच्यावर विश्वासून भिंगाचें छिद्र लहान करतों आणि फिल्म उपाशी राहते. शिवाय चूक रोज वेगळी, त्यामुळें ठराविक वजाबाकी करूनही भागत नाहीं.

मग पाऱ्याचे सेल गेले कोठें? सॅम्युएल रूबेन ह्या अमेरिकन संशोधकानें ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सिद्ध केले, आणि पुढें घड्याळें, श्रवणयंत्रें, कॅमेरे ह्यांत ते सर्वत्र शिरले. परंतु कचऱ्यांतून पारा पाण्यांत व मासळींत उतरला म्हणजे काय होतें, हें जपानांतील मिनामाता येथें १९५६ पासून जगानें पाहिलें. तेथें एका कारखान्याच्या सांडपाण्यांतील पाऱ्यानें माणसें मेलीं व पंगु झालीं. अमेरिकेनें १९९६ सालीं कायदा करून ह्या सेलांची विक्री बंद केली. युरोपनेंही तीच वाट धरली. मिनामाताच्याच नांवाचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्यें अंमलांत आला व २०१८ मध्यें भारतानें त्यास मान्यता दिली. आमचीं छत्तीस चित्रें गेलीं तरी ही बंदी योग्यच, असें आम्ही म्हणतों.

आतां उपाय. पहिला, चांदीच्या ऑक्साइडचा सेल. त्याचा दाब स्थिर, पण १.५५ व्होल्ट, म्हणून दाब उतरविणारी खोबण घ्यावी, किंवा जाणत्या कारागिराकडून प्रकाशमापकाची आंखणी बदलून घ्यावी. दुसरा, जस्त-वायूचा सेल. हा १.४ व्होल्टांचा, म्हणजे पाऱ्याच्या अगदीं शेजारचा, आणि स्थिरही. त्याच्या शोधांत आम्हीं दुकानांमागून दुकानें पालथीं घातलीं. एके दिवशीं आमच्या सौभाग्यवती श्रवणयंत्राचा सेल बदलीत बसल्या होत्या. डबीवर पाहतों तों ६७५ क्रमांक, जस्त-वायु! वेदान्तांत ह्यास कंठचामीकरन्याय म्हणतात. घरांत त्याला ‘काखेंत कळसा, गांवाला वळसा’ म्हणतात. सौभाग्यवतींनीं दुसराच वाक्प्रचार योजिला; तो येथें देत नाहीं.

हा सेल ११.६ मिलिमीटर रुंद, जुना सुमारें १५.६, म्हणून भोंवतीं नळाच्या वायसराचें कडें बसविलें. चिकटपट्टी काढल्यावर दोन-चार मिनिटें हवा खाऊं द्यावी. सेलच्या अंगावरील सूक्ष्म भोकें बुजूं देऊं नयेत. एकदां पट्टी निघाली कीं तो वापरा वा न वापरा, कांहीं आठवड्यांत किंवा फार तर दोन-तीन महिन्यांत संपतो. ही त्याची उणीव. परंतु तो स्वस्त आहे.

मापक खरें बोलतो कीं नाहीं हें पडताळण्यास जुना नियम आहे. स्वच्छ दुपारच्या उन्हांत छिद्र १६ वर ठेवावें. १०० वेगाच्या फिल्मला १/१२५ सेकंद येऊन सुई जुळली, तर सेलवर विश्वास ठेवावा. आम्हीं हें वाड्यांत जाण्यापूर्वीं केलें असतें तर!

एक इशारा मात्र विसरूं नये. हे बटणासारखे सेल नातवंडांच्या हातीं लागूं देऊं नका. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो. तसें घडल्यास क्षणभरही न थांबतां रुग्णालय गांठावें. घरांत पाऱ्याचा जुना सेल सांपडला तर तो केरांत न टाकतां ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा.

गेल्या महिन्यांत आमच्या वडील भगिनी आक्का, वय वर्षें चौऱ्यायशीं, आमच्याकडे आल्या होत्या. खिडकीच्या मंद उजेडांत त्या वाती वळीत बसल्या असतां दादांच्या कॅमेऱ्यानें आम्हीं त्यांचें चित्र घेतलें. ह्या खेपेस बोटांवरील सुरकुत्या आणि कापसाचा तंतुन् तंतु उमटला आहे. वाडा गेला तो गेला. परंतु ज्यांच्या घरीं अजून कोणी आक्का आहेत, त्यांनीं सेल पारखून घ्यावा आणि उशीर करूं नये.